बुटीबोरीकडे प्लॉट घ्यायचा आहे, आधी काय पाहावं?

प्रश्न: समुद्रपूर तालुक्यातलं गाव सोडून बुटीबोरीजवळच्या नव्या लेआउटमध्ये घर बांधायचा विचार आहे. तोटे काय?

उत्तर: भाऊ, आधी कागद. सातबाऱ्यावरचा नुसता हिस्सा दाखवून प्लॉट विकतात. शेतजमीन अकृषिक (घरासाठी वापरायची) झाल्याचा कागद आणि मंजूर नकाशा नसला तर बँक कर्जाला हात लावत नाही. लेआउट ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराचा (घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) नोंदणी क्रमांक मागाच.

उत्तर: मातीचं कोणी सांगत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात बोट जाईल एवढी फाटते. पाया तिच्यातच थांबवला तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. मुरूम लागेपर्यंत खोदा. जोत्यातही मुरूमच भरा, थराथराने पाणी मारून ठोकून. गटार नसेल तर शोषखड्डाही याच मातीत. ती ओली झाली की पाणी मुरत नाही, ऐन श्रावणात संडास तुंबतो. बोअर शोषखड्ड्यापासून ५० फूट तरी लांब ठेवा.

उत्तर: रस्ता ऑगस्टच्या झडीत पाहा. पाण्याचं मात्र मे महिन्यातच विचारा: शेजारच्या बोअरला किती फुटांवर लागतं, टँकर किती दिवसांनी येतो.