'कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह'ला मराठीत काय म्हणाल?

माजघर
बाबांना हल्ली ऐकू कमी येतं, आणि पडद्यावरच्या इंग्रजी ओळी वाचून होईस्तोवर पुढचं वाक्य येऊन गेलेलं असतं. म्हणून बीबीसीच्या २०१० च्या 'शेरलॉक'चा पहिला भाग मीच मराठीत उतरवून देतेय. टॅक्सीतल्या संवादाशी अडले. शेरलॉक जॉनला, म्हणजे डॉ. वॉटसनला, सांगतो की मी कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह आहे, जगात एकटाच, हे काम मीच शोधून काढलं. मी लिहिलं 'सल्लागार गुप्तहेर'. बाबा म्हणाले, "अगं, गुप्तहेर म्हणजे बहिर्जी नाईक. शत्रूच्या गोटात शिरून बातमी काढणारा. हा तर पोलिसांच्या समोर उभा राहून बोलतोय. यात गुप्त काय?" 'खाजगी गुप्तहेर' करून पाहिलं, तरी तोच आक्षेप. रहस्यकथांत आपण गुप्तहेरच वाचत आलो ना?

तळटीप
'खाजगी' तर अजिबात नको. १८८७ च्या मूळ कादंबरीत होम्स स्वतःच सांगतो की लंडनमध्ये सरकारी डिटेक्टिव्ह खूप आहेत, खाजगीही खूप आहेत, आणि त्यांचं घोडं अडलं की ते माझ्याकडे येतात. नव्या मालिकेत जॉनही आधी खाजगी डिटेक्टिव्ह असाच अंदाज करतो आणि लगेच म्हणतो की पोलीस त्यांच्याकडे जात नाहीत. मालिकेचे कर्ते मोफॅट आणि गेटिस यांनी घोडागाडीची टॅक्सी केली, तारेऐवजी मोबाइलचे निरोप आणले, पण हा भेद जसाच्या तसा ठेवला. तो मराठीत पुसला जाऊ नये.

देवराई
तपासनीस! चिटणीस, फडणीस यांच्या पंगतीत बसणारा, कमावलेला शब्द आहे. 'सल्लागार तपासनीस' म्हणा. आपल्याकडे शब्द असताना तो वापरायचा नाही आणि मग मराठीत शब्दच नाहीत म्हणायचं, हे मला खरंच लागतं.

कोरडवाहू
तपासनीस म्हटलं की मला शाळा आठवते. आजोबा मास्तर होते. साहेब तपासणीला येणार म्हटलं की आदल्या दिवशी शाळा सारवायची, पोरांकडून पाढे घोकून घ्यायचे, आणि आजोबांना रात्रभर झोप नाही. या शब्दाला हजेरीपटाचा वास आहे. होम्स त्यात मावत नाही.

देवराई
तुमच्या आजोबांचा साहेब हा त्या शब्दाचा एक अर्थ झाला. पोलीस तपासातही तो चालतोच. मग 'जासूद' तरी घ्या.

तळटीप
जासूद नको. पेशवेकालीन पत्रांत 'जासूदजोडी रवाना केली' असं येतं तेव्हा ती माणसं पत्र पोहोचवणारी असतात. मुळात अरबी-फारसीतला 'जासूस' तो हाच, पण मराठीत त्याच्या पायाला डाकेचं काम लागलं. आज आपल्याला त्यात हेरगिरी ऐकू येते ती बरीचशी हिंदीमुळे.

कोरडवाहू
सरळ 'डिटेक्टिव्ह' ठेवा. इंग्रजांनाही हा शब्द फार जुना नव्हता. स्कॉटलंड यार्डात, म्हणजे लंडनच्या पोलिसांत, डिटेक्टिव्ह शाखा निघाली १८४२ मध्ये. होम्स अवतरला तेव्हा तिला पन्नास वर्षंही झाली नव्हती. त्यांच्याकडे नवं काम निघालं, नवा शब्द निघाला. आपण तो कामासकट घेतला, जसा पोलीस घेतला.

ओंजळ
मला बाबांचं म्हणणं अर्धं पटतं. अडचण 'गुप्त'ची आहे, 'हेर'ची नाही. आमची आजी म्हणायची, "कुठला आंबा पाडाला लागलाय ते हेरून ठेव." काढायचा नाही, हात लावायचा नाही, नुसतं नजरेनं टिपून मनात ठेवायचं. शेजारच्या पोरांना कळता कामा नये, एवढंच काय ते गुप्त. होम्सचं सगळं काम हेच तर आहे. १८९१ च्या एका कथेत तो वॉटसनला म्हणतो की तुला दिसतं, पण तू निरीक्षण करत नाहीस. 'निरीक्षण' घातलं की प्रयोगवही उघडते. मी म्हणेन, "तू बघतोस, पण हेरत नाहीस." मग नुसतं 'हेर' का नको?

तळटीप
'हेरत नाहीस' फार सुंदर. पण 'तू' का? ते व्हिक्टोरियन काळातले सभ्य गृहस्थ, एकमेकांना आडनावानं हाक मारणारे. जेरेमी ब्रेट होम्स झाला होता ती १९८४ पासूनची मालिका बघा, सगळीकडे होम्स आणि वॉटसन. नव्या मालिकेत ते शेरलॉक आणि जॉन झाले. जुन्याला 'तुम्ही', नव्याला 'तू', असं मी करीन.

ओंजळ
उलट आहे. आमच्या वसतिगृहात हाक आडनावानंच, आणि ती अरे-तुरेतच! "काय रे कुलकर्णी, जेवलास का?" काही मित्रांची पहिली नावं मला लग्नपत्रिकेवर कळली. त्या काळच्या इंग्रजांतही 'मिस्टर' गळून नुसतं आडनाव उरलं की ती जवळीकच असायची.

देवराई
मराठीत 'तू' एवढ्या लवकर येत नाही. 'अहो वॉटसन' यात मैत्री आहे आणि आबही आहे.

कोरडवाहू
मग नव्या मालिकेत तर जास्तच पंचाईत. आदल्या दिवशी भेटलेली दोन माणसं एका घरात राहायला लागतात. इंग्रजीत 'यू'खाली सगळं झाकलं जातं. मराठीत 'तुम्ही'चं 'तू' नेमकं कुठल्या वाक्याला होतं ते लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

माजघर
टॅक्सीत मी अजून 'तुम्ही'च ठेवलंय. रात्री पाठलाग करून दोघं धापा टाकत घरी येतात आणि जिन्यापाशी हसत सुटतात, तिथे 'तू' करावं असं मनात आहे. जॉनची काठी तोवर सुटलेली असते.
'हेर' बाबांना वाचून दाखवला. म्हणाले, बरा आहे, पण 'सल्लागार हेर' म्हटल्यावर दरबारातला वाटतो.
आता पुढचं. मेलेल्या बाईनं फरशीवर नखांनी 'राखे' असं काहीसं खरडलंय. रोमन लिपीत ती पाच अक्षरं. कादंबरीत पोलीस अधिकारी लेस्ट्रेडला ते अर्धवट राहिलेलं 'रेचल' वाटतं आणि होम्स सांगतो की हा सूडासाठीचा जर्मन शब्द. मालिकेत बरोबर उलटं केलंय. देवनागरीत मात्र 'राखे' पुढे वाढवून 'रेचल' होतच नाही. काय करू?

तळटीप
फरशीवरची अक्षरं दिसतातच, ती रोमनच राहू द्या. खाली मराठीत अक्षरं सुटी लिहा: आर, ए, सी, एच, ई.

देवराई
लाकडी जमिनीला 'फरशी' म्हणू नये. फरशी दगडाची. इथे 'तक्तपोशी' चालेल का?

कोरडवाहू
तक्तपोशी वर असते ना, छताला? आमच्याकडे तरी वरच्या फळ्यांनाच म्हणतात.