ट्रंबोची कादंबरीही वाचा

हॉलिवूडचा पटकथाकार डाल्टन ट्रंबो म्हटलं की काळी यादी (कम्युनिस्ट म्हणून काम नाकारलेल्यांची), तुरुंगवास आणि टोपणनावाने मिळालेलं ऑस्कर यांवरच लिहिलं जातं. मला भर घालायची आहे ती कादंबरीकार ट्रंबोबद्दल.

वडील गेल्यावर घर चालवायला त्याने लॉस एंजेलिसच्या एका बेकरीत कित्येक वर्षं रात्रपाळी केली. लिहिणं मात्र सोडलं नाही. १९३९ साली 'जॉनी गॉट हिज गन' आली. पहिल्या महायुद्धात हात, पाय, डोळे, कान, तोंड सगळं गमावलेला सैनिक, 'जो बॉनहॅम', हा तिचा नायक. शाबूत फक्त मन. तो उशीवर डोकं आपटत मोर्स कोडमध्ये बोलू पाहतो, तिथे मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो. माझ्या मते ट्रंबोचं सर्वांत मोठं काम हेच. १९७१ मध्ये त्यावर त्याने स्वतः सिनेमा केला. दिग्दर्शक म्हणून त्याचा तो एकमेव.

आता ऑस्करबद्दलही थोडं. ट्रंबोने लिहिलेल्या 'रोमन हॉलिडे' या सिनेमाच्या कथेचं ऑस्कर काळ्या यादीमुळे आधी त्याच्या मित्राच्या, इयन मॅक्लेलन हंटरच्या नावावर होतं. ट्रंबोच्या नावाने ते १९९३ मध्ये दिलं गेलं, तेव्हा त्याला जाऊन जवळपास सतरा वर्षं झाली होती. त्याची बायको क्लिओ हिने ते स्वीकारलं.