मदत हवी: गायरानाला संरक्षण द्यायचंय, पण नेमकं कोणतं? (साक्री तालुका)

माळकरी:
मंडळी, गावाच्या वरच्या अंगाला आमचं गायरान आहे, सातबाऱ्यावर गुरचरण लागलेलं. येणाऱ्याजाणाऱ्याला पडीक वाटतं: मुरूम, पवन्या-कुसळीचं गवत, मधूनच एखादी बोर नाहीतर हिवर. पण खोकडाची बिळं तिथेच, लांडगे फिरतात, उन्हाळ्यात धाविक आणि माळटिटवी उघड्यावर अंडी घालतात. ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्याही पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरतात.

रात्री मुरूम उचलला जातो, ते आहेच. आता वृक्षलागवडीचा प्रस्ताव आलाय: चर खोदायचे, सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया लावायची, वर चराईबंदी. मुरूमवाल्याला सगळे चोर तरी म्हणतात. लागवडीला नाही म्हटलं की आपणच पर्यावरणाचे वैरी! सावली दाटली की हे गवत जातं, हे ग्रामसभेत कसं पटवू? गावानेच जंगल राखलेलं बारीपाडा आपल्याच तालुक्यात, त्यामुळे जो तो तेच उदाहरण देतो. पण ते जंगल आहे, हा माळ.

जळगावच्या लांडोरखोरीला २०२० साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, पण ती जागा वनखात्याची. गायरानाला तो मिळू शकतो का? की समुदाय राखीव (वन्यजीवांसाठी लोकांनीच राखायची जागा) बरं?

अनेरकाठ:
भाऊ, समुदाय राखीवच्या मागे लागू नका. वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-क (इंग्रजीत 36C) नुसार ते खासगी किंवा सामूहिक जमिनीवर होतं. गुरचरण म्हणजे सरकारी, महसूलवाले पहिल्याच पानावर अडवतील. शिवाय एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला राज्य सरकारची मंजुरी लागते.

वारसा स्थळ हे जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खाली येतं. राज्य सरकार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून जाहीर करतं. मुख्य म्हणजे, मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लोकांच्या चालत आलेल्या वापरावर त्यांनी स्वतः ठरवल्याशिवाय बंधन येत नाही. चराई सुटेल या भीतीला हेच उत्तर.

पण आधी ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची नोंद) मागा. बऱ्याच गावांत ती शेजारच्या गावावरून उतरवलेली असते. माळाची नोंद नसेल तर जैवविविधता व्यवस्थापन समितीची बैठक लावून घाला, आणि गवतांची नावं ठेलारींकडूनच लिहून घ्या.

लागवडीला सरळ विरोध करू नका, जागा बदलून मागा: ओढाकाठ, शाळा, रस्त्याची कड. मुरमाचं वेगळं प्रकरण करा, तारखेसह फोटो काढून तहसीलदारांकडे गौण खनिजाची लेखी तक्रार. दोन्ही एका अर्जात घातलं तर दोन्ही पडेल.

माळकरी:
धन्यवाद दादा. नोंदवही मिळाली. त्यात आमच्या माळावर चक्क साग उगवलाय!

अंडी असतात त्या महिन्यांत एक कोपरा मोकळा ठेवायला ठेलारींचे दोन वाडे (मेंढ्यांसह राहणारे गट) तयार आहेत. ही अट ठरावात कशी लिहावी? चराईचा हक्क जाऊ नये. कोणाकडे अशा ठरावाचा नमुना असेल तर इथे टाका, ग्रामसभा तोंडावर आहे.