ओल्डन एरा येतोय, तयारी कशी करू? मदत हवी आहे

मंडळी, हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक: ओल्डन एरा या कॉम्प्युटर गेमची मी अक्षरशः चातकासारखी वाट बघतोय. या मालिकेचा १९९९ चा तिसरा भाग इतक्यांदा खेळलोय की नकाशे तोंडपाठ झालेत, आणि आता परत तीच आळीपाळीने चाली करायची लढाई, षटकोनी खणांचं मैदान, शहर बांधायचं, फौज जमवायची, हे सगळं नव्या रूपात येतंय म्हटल्यावर राहवतच नाही.

पण अडचण अशी की मी कॉम्प्युटरविरुद्ध नॉर्मलवर आरामात जिंकतो, लेव्हल वाढवली की पहिल्या दोन आठवड्यांतच माझी निम्मी फौज खाणी राखणाऱ्या राक्षसांशी लढण्यात संपते. एक युक्ती माहितीये, एकच गॉब्लिन (साधा, कमजोर सैनिक) वेगळा काढायचा, त्याला आधी पुढे पाठवायचं, शत्रूची तुकडी त्याच्यावर पलटवार करते आणि हा पलटवार एका फेरीत एकदाच करता येतो, मग माझी मोठी तुकडी बिनधास्त मारते. हे जमलं की फार भारी वाटतं! ग्रिफिनसमोर (गरुडाचं डोकं, सिंहाचं धड असलेला प्राणी) मात्र हे चालत नाही, ते दोनदा पलटवार करतात.

तर जाणकारांनी सांगा, पहिल्या आठवड्यात सोनं कशावर घालायचं, सैनिक मिळवून देणाऱ्या इमारती आधी की सोनं मिळवून देणारा टाउन हॉल? दुसरा हिरो (फौज घेऊन फिरणारा सेनापती) कधी घ्यायचा? आणि सरावाला तिसराच भाग वरच्या लेव्हलवर खेळत राहू की ओल्डन एराचाच डेमो घासू? नेक्रोपोलिस (सांगाडे-भुतांच्या फौजेचा गट) घेऊन सुरुवात करायचा विचार आहे, कोणी खेळलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.