किक स्कूटर: ५ वर्षांच्या मुलीसाठी कुठली घ्यावी?

ए-२०४: नमस्कार मंडळी. मुलीला ५ पूर्ण, उंची १०८ सेंमी, वजन १७ किलो. किक स्कूटर (पायाने ढकलत चालवायची) घ्यायची आहे. दोन चाकी की तीन? फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

सी-७०३: बाजूची चाकं काढलेली सायकल येते का तिला?

ए-२०४: नाही हो काका, अजून चारच चाकांवर आहे.

सी-७०३: मग तीन चाकी. पुढे दोन, मागे एक. त्यातही हँडल गरगर फिरणारं नको, अंग कलवलं की वळणारं घ्या. दुकानात 'लीन टू स्टीअर' म्हणतात. फिरणारं हँडल पोरं वेगात झटक्यात वळवतात आणि गाडी बाहेरच्या अंगाला पलटी खाते. कलवायच्या गाडीत आधी वजन आत टाकावं लागतं, मगच ती वळते.
दुकानात तिला वर उभी करून हँडल एका बाजूला दाबायला सांगा. तिच्या १७ किलोला ते हललंच नाही तर कडक आहे, नुसती सरळ पळेल आणि भिंतीला जाऊन थांबेल.

बी-१०१: वजनमर्यादा वाचा. अगदी लहानांच्या काही गाड्या २० किलोपर्यंतच असतात. ५० किलोवाली घेतली तर हँडल वाढवत चार वर्षं जाईल. आणि आयएसआय चिन्ह बघा, १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे.

ए-२०४: तिला दिवे लागणारी चाकं हवीत 🙈

बी-१०१: घ्या की, त्याला बॅटरी लागत नाही. चाकाच्या मधल्या नळीवर चुंबक असतं, चाकात तारेचं वेटोळं. फिरलं की दिवे लागतात. चाक किंचित जड फिरतं, आणि चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो, तो अधूनमधून पुसायचा. दिव्यांपेक्षा चाक कशाचं आहे ते महत्त्वाचं. पीव्हीसीचं चाक चकचकीत, टणक, ओल्या फरशीवर सटकतं. पीयूवर (पॉलियुरेथेन, रबरासारखं प्लास्टिक) बहुतेक वेळा ८२ए, ८५ए असा आकडा असतो. आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. आपल्याकडे सगळे पेव्हर ब्लॉक, तेव्हा ८५च्या आतलं बरं. पुढची चाकं १२० मिमीच्या आसपास घ्या. १०० मिमीचं चाक दर सांध्याला ठक्क-ठक्क करतं, मुंग्या येतात हाताला.

डी-६०४: विषय निघालाच आहे तर माझंही सांगा. मेट्रो स्टेशन दीड किमी. उंची १७२, वजन ८८.

सी-७०३: ८८ मध्ये लॅपटॉपची बॅग धरा, ९५ झाले. १०० किलोची मर्यादा छापलेलीच घ्या. चाकं २०० मिमी, निदान पुढचं तरी. डेकवर, म्हणजे पाय ठेवायच्या फळीवर, उभं राहून हँडल बेंबीच्या थोडं वर यावं, कोपर किंचित वाकलेलं. सगळे चाक बघतात, डेकची उंची कोणी बघत नाही. जमिनीला पाय लावायला उभ्या पायाचा गुडघा दर वेळी वाकतो, म्हणजे ती एक बैठकच झाली. डेक २ सेंमीनं वर असेल तर दीड किमीत मांडी सांगते. टेप घेऊन जा. आणि दर १०-१५ ढकलांना पाय बदला.

डी-६०४: सस्पेन्शन?

सी-७०३: वजन वाढतं, आणि ढकललेला थोडा जोर स्प्रिंग खाते. जिन्यावरून उचलायचीय हे विसरू नका, मोठ्यांची गाडी ५-६ किलोची असते. रस्ता फारच उखडलेला असेल तर मात्र हवेच्या टायरची बघा. पंक्चर ठरलेलं.

ई-३०२: ब्रेक कसा असतो? पायाने दाबायचा तोच?

बी-१०१: हो, मागचं मडगार्ड चाकावर दाबायचं. ओलं असताना जवळपास लागतच नाही, आणि लांब उतारावर तापतं, लगेच हात लावू नका. मोठ्यांच्या गाडीला हातब्रेकही असावा.
घेताना ब्रेक दाबून हँडल पुढे-मागे हलवा. टकटक आली तर घडीचा सांधा ढिला आहे. नव्या गाडीत येत असेल तर ती घेऊच नका.

सेक्रेटरी: बेसमेंटचा उतार मुलांना बंद आहे, कृपया लक्षात ठेवा. गेटजवळच्या गटाराच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेनेच आहेत, पुढचं चाक आत जातं. तिथे उतरून चालत जायचं.

ए-२०४: पावसाळ्यात काय करायचं?

बी-१०१: पाण्यातून नेली तर पुसून आडवी ठेवा. तरी वर्ष-दोन वर्षांत चाक करकरणारच, ते बेअरिंग. बहुतेक गाड्यांना ६०८ नंबरचं लागतं: आत ८ मिमी, बाहेर २२, जाडी ७. दुकानात '६०८ टूआरएस' मागा, म्हणजे रबरी सीलचं. चाकाला दोन, तीन चाकीला सहा. स्केटिंगचं तेच असतं.
चाक काढायला दोन ॲलन की (षटकोनी चाव्या), बहुधा ५ मिमीच्या. बोल्ट एकीने धरायचा, दुसरीने फिरवायचा. जुनं बेअरिंग पलीकडून स्क्रू ड्रायव्हरने ठोकून काढा, नवं बसवताना बाहेरच्या कडीवरच दाब द्या. मधे स्पेसरची नळी असते, दिव्याच्या चाकात चुंबक त्याच नळीवर. ती विसरलात तर बोल्ट घट्ट करताच बेअरिंग आवळून चाक जाम, शिवाय दिवेही गेले. स्प्रेचं तेल आत मारू नका, ग्रीस धुऊन जातं.

ई-३०२: आणि हेल्मेट!! कपाळावर, भुवयांच्या वर टेप फिरवून डोक्याचा घेर मोजा, त्या मापाचं घ्या. हनुवटीखाली दोन बोटं जातील इतका पट्टा.

ए-२०४: शनिवारी जाते तिला घेऊन. टेप घेतला पर्समध्ये 🙏

डी-६०४: मीही येतो, ताई. किती वाजता?