सागवानी फळ्यांचा जोड बसत नाही: नंबर ४ नंतर कोणता रंधा घ्यावा?

नवा_सुतार
जेवणाच्या टेबलासाठी सागवानाच्या ४ फळ्या कडेला कड लावून जोडायच्या आहेत. प्रत्येक फळी ५ फूट लांब, ६ इंच रुंद, सव्वा इंच जाड. हाताशी फक्त नंबर ४ चा लोखंडी रंधा आहे. दोन अडचणी येताहेत. कडा रंधून एकीवर एक ठेवल्या की दोन्ही टोकांना उजेड दिसतो. आणि एका फळीवर लाकडाच्या रेषा (धागे) मध्येच उलटतात, तिथे लाकूड उपटून निघतं. जॅक, जॉइंटर, ब्लॉक यांपैकी आधी काय घेऊ?

खडूरेघ
टोकांना उजेड म्हणजे कड मध्यावर फुगली आहे. नंबर ४ चा तळ जेमतेम पावणेदहा इंच. एवढा आखूड रंधा चढउतारांच्या अंगानेच चालतो, त्यांना कापत नाही. २२ इंची नंबर ७, म्हणजे जॉइंटर, उंचवट्यांवर टेकून राहतो आणि खोलगट जागी पातं पोचतच नाही, म्हणून कड सरळ होते. १४ इंची नंबर ५, म्हणजे जॅक, जाडी उतरवण्यासाठी. त्याच्या पात्याची धार ८ ते १० इंच त्रिज्येने किंचित गोल घासतात आणि रंधा फळीवर आडवा किंवा तिरका मारतात. नंबर ४ सगळ्यात शेवटी, फक्त गुळगुळीत करायला. ब्लॉक रंधा फळीच्या टोकांसाठी आणि टोकदार कडा मोडायला. टोकावर तो दोन्ही कडांकडून मध्याकडे मारा, नाहीतर पलीकडच्या कडेची ढलपी उडते.

कडेसाठी पद्धत अशी: सुरुवातीचे आणि शेवटचे २-३ इंच सोडून फक्त मधला भाग रंधा, पातं कापायचं थांबेपर्यंत. मग टोकापासून टोकापर्यंत एक-दोन सलग हात. सुरुवातीला जोर पुढच्या मुठीवर, शेवटी मागच्या. हा जोर वेळेवर बदलला नाही की टोकं झिजतात; तुमचं तेच होत असणार.

एरवी जोडीच्या फळ्या वही मिटल्यासारख्या दर्शनी बाजू आत करून वाइसमध्ये एकत्र धरतात आणि दोन्ही कडा एकदम रंधतात. पण तुमच्या फळ्यांना ते जमणार नाही. सव्वा-सव्वा मिळून अडीच इंच होतात आणि नंबर ४-५ चं पातं २ इंचच असतं. नंबर ७ चं २⅜ इंचही पुरत नाही. इतक्या जाड फळ्यांना एकेक कड गुण्या लावून (काटकोन तपासत) करावी लागेल.

कुरुंद
उपटण्याचं बोलतो, कारण त्यासाठी नवा रंधा लागत नाही. पात्यावर जी पट्टी बसते (चिपब्रेकर), ती धारेपासून किती मागे आहे ते पाहा. जॅकला दीड-दोन मिलिमीटर चालतं. उलट्या रेषेवर नंबर ४ ला ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. नीट बसली की छिलका गुंडाळी न होता सरळ वर येतो. छिलका चुण्या पडून अडकू लागला तर पट्टी जास्त पुढे गेली आहे, किंवा पट्टीची कड पात्याला सपाट टेकत नाही आणि फटीत कचरा शिरतोय. ती कड दगडावर घासून पूर्ण टेकेल अशी करा.

सागवानात सिलिका असते, धार लवकर मरते. २५ अंशांचा मुख्य उतार ठेवून टोकाला ३० अंशांची बारीक धार द्या आणि शेवटच्या हातांआधी ती पुन्हा लावा. कापाची खोली कमी केल्यावर ती बदलणारं चाक नेहमी पातं पुढे नेणाऱ्या दिशेने फिरवून थांबवा. मागे फिरवून सोडलं की मधला ढिलेपणा राहतो आणि पातं काम करताना वर सरकतं.

पटाशी
नंबर ७ आत्ताच घ्यायची गरज मला वाटत नाही. रंधा आपल्या लांबीच्या साधारण दुप्पट कड सहज सरळ करतो. त्यापुढे सरळ पट्टी लावून उंच जागा पेन्सिलने दाखवायच्या आणि तेवढ्याच उतरवायच्या. ५ फुटांना नंबर ५ असा पुरतो, वेळ जास्त जातो एवढंच. नंबर ५ जाडीलाही लागणारच आहे. दुसरं सरळ धारेचं पातं घेऊन ठेवा, कडेसाठी ते घाला.

नवा_सुतार
नंबर ५ घेतो. कड अगदी सरळ ठेवायची की मध्ये थोडी खोल?

खडूरेघ
मध्ये कागद जेमतेम सरकेल एवढी खोल ठेवा. टोकं लवकर वाळून आकसतात, तेव्हा आधीपासून दाबलेली राहिली तर तिथला जोड उघडत नाही. याहून खोल केली तर क्लॅम्प काढल्यावर ताण कायम राहतो. सागवान तेलकट आहे, म्हणून रंधल्यावर त्याच दिवशी, ॲसिटोनने कड पुसून, ती सुकली की लगेच गोंद लावा.