ख्रिस्ती पंथांविषयी चॅटबॉटच्या उत्तरांवर कितपत विसंबावे?

रंकाळाकाठ: नमस्कार. मी कोल्हापुरात इतिहास शिकवतो. १८५२ मध्ये येथे आलेले अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्यापासून सुरू झालेल्या मिशनकार्यावर टिपण लिहिताना, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजेच सीएनआय नेमकी कोणत्या पंथाची, असे मी एका चॅटबॉटला विचारले. 'या मंडळीत बिशप असतात, म्हणून ती पोपच्या अधिकाराखाली आहे,' असे उत्तर आले. मी शंका घेताच त्याने क्षमा मागितली आणि ती 'पूर्णपणे अँग्लिकन' (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेची) असल्याचे तितक्याच ठामपणे सांगितले. मी स्वतः ख्रिस्ती नाही, त्यामुळे यातील खरे किती हे मला ठरवता येईना. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना_उपासक: दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेची संयुक्त मंडळी, अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट अशा सहा प्रवाहांनी तेव्हा एकत्र येण्याचे ठरवले. बिशपपद तिने ठेवले. पोपशी तिचा संबंध नाही. गंमत अशी की अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. त्यामुळे 'मेथडिस्ट सीएनआयमध्ये आहेत का?' या प्रश्नाला 'हो' आणि 'नाही' ही दोन्ही उत्तरे अर्धी खरी ठरतात आणि चॅटबॉट त्यांतले एक उचलून मोकळा होतो. आमच्या घरात पाळकीचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरुपदाचा, वारसा आहे. तरी हा तपशील मलाही मोठेपणीच नीट कळला.

मिस्सा_आणि_मिसळ: मी कॅथलिक आहे. माझ्या मुलीला चॅटबॉटने सांगितले की 'निष्कलंक गर्भसंभव' म्हणजे येशूचा कुमारी मरियेच्या पोटी झालेला जन्म. वास्तविक १८५४ मध्ये नवव्या पायस पोपने घोषित केलेला हा सिद्धांत मरियेच्या स्वतःच्या गर्भधारणेविषयी आहे: ती आदिपापापासून, म्हणजे प्रत्येक माणूस जन्मतः घेऊन येतो असे मानल्या जाणाऱ्या पापापासून, मुक्त होती, एवढेच तो सांगतो. याहून फसवी गोष्ट दहा आज्ञांची. 'सहावी आज्ञा कोणती?' असे विचारल्यास आमच्या क्रमानुसार उत्तर 'व्यभिचार करू नको' असे येते, तर बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत 'खून करू नको' असे. लुथरन क्रम मात्र आमच्यासारखाच आहे! कोणाचा क्रम, हे चॅटबॉट क्वचितच विचारतो.

संगणक_शिक्षक: यामागचे कारण समजून घेतले तर राग थोडा कमी होईल. हे यंत्र बहुधा पुस्तक उघडून पाहत नाही. वाचलेल्या मजकुराच्या आधारे पुढचा संभाव्य शब्द कोणता, याचा ते अंदाज बांधते. त्या मजकुरात अमेरिकेतील मंडळ्यांविषयीचे इंग्रजी लेखन अफाट आणि आपल्याकडच्या मंडळ्यांविषयीचे मराठी लेखन अत्यल्प आहे. म्हणून 'बिशप' हा शब्द दिसला की त्याच्याजवळ 'पोप' येऊन बसतो. आक्षेप घेतल्यावर त्याने पलटी मारणे हीसुद्धा चूक कळल्याची खूण नव्हे, कारण बरोबर उत्तरावर शंका घेतली तरी ते अनेकदा अशीच माघार घेते. तरीही 'प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ आणि कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके' यासारखे, असंख्य ठिकाणी छापलेले तपशील ते सहसा बरोबर सांगते. माणसेही चुकतातच, हे सोडून कसे चालेल?

जुना_उपासक: चुकतात, मान्य. पण आमच्या पाळकांना इतर पंथांविषयी विचारले तर ते निदान 'त्यांच्याच धर्मगुरूंना विचारा' असे म्हणतात.

रंकाळाकाठ: सर्वांचे आभार. तो परिच्छेद मी टिपणातून काढून टाकला आहे. सीएनआयची घटना मिळवून वाचतो आणि येत्या रविवारी उपासनेनंतर येथील पाळकांना भेटतो. सहावी आज्ञा मी आज त्या चॅटबॉटला दोनदा विचारली: इंग्रजीत 'खून', मराठीत 'व्यभिचार', आणि दोन्ही वेळा पंथाचा उल्लेख नव्हता.